पडक्या मठाच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं दगडी कुंड कशासाठी असायचं?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या एका पडक्या प्रायरीच्या, म्हणजे छोट्या मठाच्या, चर्चमध्ये कोरीव दगडी कुंड पाहिलं. मठात सगळे मोठे झालेले संन्यासी, मग तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्याचं कुंड तिथे कशाला, आणि त्याचं शतक कसं ओळखायचं?

कुंड गावाचं असायचं. बऱ्याच प्रायरींमध्ये चर्चचा पूर्वेकडचा भाग मठवासीयांचा आणि पश्चिमेकडचा लांब सभामंडप गावकऱ्यांचा, मधे आडवी भिंत. बाप्तिस्मा देण्याचा हक्क धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या), म्हणजे गावाच्या, चर्चचा, त्यामुळे जिथे कुंड तिथे गावाचा हक्क, असा सरळ अर्थ होता. कुंड पश्चिम दाराजवळ ठेवत, कारण बाप्तिस्मा म्हणजेच मंडळीत प्रवेश.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय कारण नॉर्फकमधलं बिनम पाहिलंय. माझी मुलगी नॉरिचला असते. तिच्याकडे गेलो की तिला पहिला प्रश्न, आज कुठलं जुनं चर्च? बिनमची प्रायरी बेनेडिक्टाइन संन्याशांची, १०९१ च्या सुमारास पीटर द व्हॅलोनं स्थापलेली. आठव्या हेन्रीनं देशभरचे मठ मोडले तेव्हा, १५३९ मध्ये, हीही बंद पडली. आज पूर्वेच्या बाजूला गवतात फक्त खांबांचे बुंधे आणि अर्धवट भिंती आहेत. गावकऱ्यांचा सभामंडप मात्र छपरासकट उभा आहे आणि आजही ते गावाचं चर्च आहे. कुंड आत आहे.

ते पंधराव्या शतकातलं, अष्टकोनी. सात बाजूंवर कॅथलिक चर्चचे सात संस्कार कोरलेले. अशी चाळीसेक कुंडं इंग्लंडमध्ये उरलीत आणि जवळजवळ सगळी नॉर्फक-सफकमधली. बाप्तिस्म्याच्या चित्रात धर्मगुरू उघड्या बाळाला अख्खं पाण्यात बुडवतोय, आणि ते चित्रातलं कुंडही तसंच, एवढंसं. कुंडाचं भांडं इतकं खोल आणि रुंद का असायचं, ते तिथेच कळतं. बाळ बुडवायचं असायचं.

बिनमच्या कुंडावर कोरलेल्या माणसांना चेहरे उरलेले नाहीत. छिन्नीनं मुद्दाम उडवलेत. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारणावाद्यांना सातपैकी दोनच संस्कार मान्य होते, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, त्यामुळे सात संस्कारांचं कोरीवकाम त्यांच्या दृष्टीनं जुन्या मताची पाटीच होती. पण त्यांनी भांडं फोडलं नाही. बाप्तिस्मा त्यांनाही द्यायचाच होता.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. मुलगी म्हणाली, "पप्पा, चला ना." माझ्या डोक्यात आमचं गाव होतं.

मी वसईकडचा. आमच्या गावी जुनं चर्च पाडून नवं बांधलं. जुन्या चर्चमध्ये काळ्या दगडाचं घडीव कुंड होतं. त्यात माझ्या आजोबांचा, वडिलांचा आणि माझा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झाला. नव्या इमारतीला ते शोभत नाही असं ठरलं, चकचकीत ग्रॅनाइटचं आलं, आणि जुनं अंगणात नेऊन त्यात क्रोटन लावले. वर कारण काय दिलं, तर तळाला भोक आहेच, पाणी साचणार नाही! ते भोक का असतं? मंत्रून पवित्र केलेलं पाणी गटारात जाऊ नये, थेट मातीत मुरावं म्हणून. त्याच भोकातून क्रोटनचं पाणी वाहतंय हे मी आजही सहन करू शकत नाही.

बांधकाम समितीत आमचे एक काका होते. त्यांचं म्हणणं, "अरे, पाणी पवित्र असतं, दगड नाही. दगड काय, कुठलाही चालतो." बिनमचे फोटो मी त्यांना त्याच रात्री पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "नाकं-तोंडं फुटलेलं कुंड ठेवून त्यांनी काय मिळवलं? आपण तरी स्वच्छ, नवं आणलं."

काका, धर्मशास्त्र तुमचं बरोबर आहे. संस्कार पाण्यानं आणि शब्दानं होतो, ते बशीतल्या पाण्यानंही होईल. पण मग ते कुंड वापरात ठेवायलाही काहीच अडचण नव्हती. मठ पडला आणि सभामंडप राहिला, कारण गाव तिथे प्रार्थनेला येत राहिलं. चेहरे गेले आणि भांडं राहिलं, कारण बाळं जन्मत राहिली. आपल्याकडे बघा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, किल्ल्यातली चर्चं पुढे ओस पडली. पण तिथल्या घंटा मराठ्यांनी नेऊन देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या अजून आहेत. वाजवणारे हात बदलले तरी त्या घंटाच राहिल्या. आमचं कुंड मात्र आमच्याच लोकांनी, कुणी हल्ला केलेला नसताना, कुंडी करून टाकलं.

म्हणून कुणाच्या गावी चर्च नव्यानं बांधणार असतील तर पहिल्या सभेतच विचारा की जुनं कुंड कुठे बसवणार. नकाशात त्याची जागा आखून घ्या. नंतर विचारलंत तर "बघू" म्हणतील, आणि मग ते अंगणातच जाणार.

शतक ओळखायचं ते थोडक्यात. चौकोनी किंवा पिंपासारखं गोल भांडं आणि त्यावर अर्धगोल कमानींची रांग असेल तर बहुतेक बारावं शतक. अष्टकोनी, कोनाड्यांत माणसं कोरलेली, खाली नक्षीदार बुंधा, हे पंधराव्याकडे झुकतं. काठावर समोरासमोर दोन जागी दगड फुटलेला किंवा नव्या तुकड्यानं सांधलेला दिसतो का, ते बघा. मंत्रलेलं पाणी कुणी चोरून जादूटोण्याला नेऊ नये म्हणून कुंडाला झाकण आणि कुलूप असायचं. १२३६ च्या सुमाराच्या कँटरबरीच्या नियमांत तसा स्पष्ट हुकूम आहे. ते लोखंडी कोयंडे उपटताना काठ फुटत. आतून शिशाचा पत्रा असेल किंवा त्याच्या खुणा असतील, तर तेही कुंडाचंच लक्षण. पण एकोणिसाव्या शतकात जुन्या घाटाची हुबेहूब नवी कुंडं खूप झाली, तेव्हा कडा अगदी धारदार असतील तर लगेच मध्ययुगीन म्हणू नका.

आणि एक राहिलं. तुम्ही पाहिलेलं कुंड उघड्यावर, मठाच्या आवारात पूर्वीच्या जागीच असेल, तर ते बाप्तिस्म्याचं नसेलही. जेवणाआधी हात धुवायला संन्याशांचं वेगळं दगडी पात्र असायचं. श्रॉपशरमधल्या वेनलॉक प्रायरीत तसं अष्टकोनी पात्र आहे, त्यावर ख्रिस्त आणि प्रेषित कोरलेत, आणि नवखा माणूस त्याला बाप्तिस्म्याचं कुंड समजू शकतो. फरक जागेत आणि पाण्याच्या वाटेत आहे. हात धुण्याच्या पात्राला चहूबाजूंनी पाणी सोडायच्या तोट्या असायच्या, बाप्तिस्म्याच्या कुंडाला तळाशी एकच भोक. तुमच्या कुंडाचा तळ आणि काठ असे दोन फोटो टाकलेत तर मी नक्की काय ते सांगायचा प्रयत्न करेन.