सिडनीत चार दिवस आणि सोबत आईबाबा: हार्बर क्रूझ घ्यावी की साध्या फेरीने भागतं?

तुमचा प्रश्न असा की जुलैत सिडनीला चाललाय, चार दिवस मोकळे आहेत, सोबत सत्तरीतले आईबाबा आहेत, तर हार्बर क्रूझचं तिकीट आत्ताच ऑनलाइन काढून ठेवावं का, की तिथल्या नेहमीच्या फेरीबोटीने भागतं.

भागतं. भागतं काय, मी तर म्हणेन तेच करा.

आम्ही जूनच्या शेवटी गेलो होतो, मी, बायको आणि माझी आई, वय ७३. पहिल्याच संध्याकाळची डिनर क्रूझ मी हौसेने महिनाभर आधी बुक करून ठेवलेली. नाव सांगत नाही, बोट काही वाईट नव्हती, डोकं मी चालवलं नव्हतं. तिकडे तेव्हा हिवाळा, सूर्य पाचलाच मावळतो आणि आमची बोट सुटली सातला. बाहेर काळोख, आत लखलखाट, त्यामुळे काचेत दिसायचे ते आमचेच चेहरे आणि मागच्या टेबलावरचा कुणाचा तरी बर्थडे. ऑपेरा हाऊस आलं अशी अनाउन्समेंट झाली तेव्हा आईने काचेला नाक लावून, दोन्ही हातांचा आडोसा करून पाहिलं आणि म्हणाली, "पांढरं काहीतरी गेलं बघ." वरचा डेक उघडा होता पण वारा असा की दोन मिनिटांत आम्ही खाली. ते सगळे डॉलर अक्कलखाती जमा. तेवढ्या पैशात पुढचे चार दिवस आम्ही तिघं ट्रेन, बस, फेरी सगळं फिरलो आणि तरी उरले असते.

तर आता फेरीचं. सर्क्युलर की म्हणून धक्का आहे, शहराच्या अगदी तोंडाशी, डावीकडे हार्बर ब्रिज, उजवीकडे ऑपेरा हाऊस आणि मधे फेऱ्यांचे धक्के. त्याच्याच डोक्यावर रेल्वे स्टेशन. इथल्या फेऱ्या टुरिस्टांसाठी नाहीत, लोक ऑफिसला जातात त्यातून, म्हणून बस-ट्रेनसारखंच ओपल कार्ड, म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड, इथेही चालतं. ओपल नको असेल तर आपलं टॅप करायचं डेबिट-क्रेडिट कार्डही चालतं, मोठ्यांना भाडं तेच पडतं. फक्त माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर तिघांना आत नेता येत नाही, हे आम्हाला गेटवर मागे रांग लागल्यावर कळलं. आणि आईबाबांना ज्येष्ठ नागरिक सवलत मिळेल असं डोक्यात असेल तर काढून टाका, ती तिथल्या रहिवाशांना. पण दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, सोमवार ते गुरुवार साधारण २० डॉलर आणि शुक्रवार ते रविवार त्याच्या निम्मी. म्हणजे एकदा ती मर्यादा गाठली की पुढे दिवसभर कितीही बोटीत बसा, फुकट. म्हणून लांबच्या फेऱ्या आम्ही शुक्रवार ते रविवार करून टाकल्या, तुम्हालाही तारखा जमवता आल्या तर तसंच करा.

पहिली फेरी मॅनलीची घ्या, म्हणजे बंदराच्या पलीकडचं समुद्रकाठचं उपनगर, जाताना सकाळी. ११ किलोमीटर, अर्धा तास. त्या मार्गावर दोन प्रकारच्या बोटी असतात, त्यातली मोठी जुनी हिरवी-पिवळट असते ती आली तर नशीब समजा, १९८० च्या दशकातल्या आहेत त्या, दोन्ही टोकं सारखीच, दोन्हीकडे सुकाणूची केबिन, त्यामुळे धक्क्यावर बोट वळवायची भानगडच नाही. जाताना उजव्या हाताला बाहेरच्या बाकावर बसायचं. सुटल्या सुटल्या ऑपेरा हाऊस इतकं जवळून जातं की पायऱ्यांवरच्या माणसांचे कपडे दिसतात. मग एक इवलंसं बेट लागतं, त्यावर गोल दगडी बुरूज, फोर्ट डेनिसन, त्याचं काम १८५७ मध्ये पुरं झालं. त्याआधी शिक्षा म्हणून कैद्यांना त्या खडकावर नुसत्या पाव-पाण्यावर ठेवायचे. आई ते ऐकून म्हणाली, "आणि समोर एवढं पाणी, पिता येत नाही."

ही बंदराची जागा मुळात खरी कशी आहे ते मॅनलीला जाताना कळतं. म्हणजे क्रूझवाले तुम्हाला आतल्या आत गोल फिरवतात, सगळं पाणी शांत, तळ्यासारखं. मॅनलीची बोट मात्र बंदराच्या तोंडासमोरून आडवी जाते, नॉर्थ हेड आणि साऊथ हेड असे दोन कडे आणि मधून थेट पॅसिफिक महासागर आत येतो. तिथे पाच-सात मिनिटं बोट डोलते. जोरात नाही, पण आईने एका हाताने रेलिंग आणि दुसऱ्याने माझी बाही धरली आणि मग मान वळवून बाहेर बघत बसली, नंतर म्हणाली की इथून पुढे काय आहे? म्हटलं काही नाही, हजारो किलोमीटर पाणी. लाटा फार असतील तेव्हा मोठ्या बोटी बंद ठेवतात, तसं असेल तर सकाळी तिथल्या वाहतुकीच्या ॲपवर कळतं. बाबांना बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावर मधोमध बसवा, तिथे कमी हलतं.

मॅनलीला उतरून दहा मिनिटं सरळ चाललात की पलीकडे समुद्रकिनारा. जुलैत पोहायला गार आहे, तरी कुणी उतरलंच तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, त्याबाहेर पाणी खेचून नेतं आणि ते वरून दिसत नाही.

ऑपेरा हाऊसला मात्र वेळ द्या, आणि जवळ जाऊन बघा. फोटोत ते पांढरंशुभ्र वाटतं, तसं नाहीये. फरशा दोन जातीच्या आहेत, एक चकचकीत पांढरी, एक मंद मलईच्या रंगाची, दहा लाखांवर फरशा आहेत आणि स्वीडनहून आणलेल्या. ऊन कलतं तसा त्यांचा रंग बदलतो. आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो, आई संत्रं सोलत होती, आणि मी कुठेतरी वाचलेलं सांगायला लागलो की या छपराच्या पाकळ्या बांधायच्या कशा हे इंजिनिअरांना काही वर्षं सुटतच नव्हतं, शेवटी तोडगा निघाला तो असा की सगळ्या पाकळ्या एकाच ७५ मीटर त्रिज्येच्या गोलातून कापल्यासारख्या धरायच्या, म्हणजे तेच तेच साचे वापरून तुकडे ओतता येतात. तिने हातातल्या सालीचे दोन तुकडे उभे धरून एकमेकांना टेकवले आणि माझ्याकडे बघितलं. झालं, तेच ते. मला जे सांगायला दहा वाक्यं लागली ते तिने सालीत दाखवलं.

त्याचा आर्किटेक्ट योर्न उट्झन, डेन्मार्कचा. १९५७ मध्ये स्पर्धा जिंकला, १९५९ मध्ये काम सुरू, मग पैसे आणि डिझाइन यावरून सरकारशी फाटलं आणि १९६६ मध्ये तो काम सोडून निघून गेला. ७० लाख डॉलरचा अंदाज होता, झाले १० कोटी २० लाख. १९७३ मध्ये राणीच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा उट्झन नव्हता, आणि २००८ मध्ये वारला तोवर परत एकदाही बघायला आला नाही. आईचं म्हणणं, "एवढं घर बांधून वास्तुशांतीला हाच नाही?" आतली गाईडेड टूर पैसे देऊन आहे, आम्ही केली, बरी आहे, पण पायऱ्या खूप आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर बुकिंग करतानाच कमी पायऱ्यांच्या टूरची चौकशी करा. नाही केली तरी बाहेरून फिरायला पैसे पडत नाहीत.

ब्रिजवर कमानीवरून चढायचं ते बरंच महाग आहे, आईबाबांसोबत त्याच्या नादी लागू नका. चालत जायचा फुटपाथ फुकट आहे, आणि त्यातली युक्ती अशी की शहराकडून सुरुवात करायची नाही. ट्रेनने ब्रिज ओलांडून मिल्सन्स पॉइंटला उतरा आणि तिथून शहराकडे चालत या, म्हणजे ऑपेरा हाऊस सतत डाव्या हाताला पुढे दिसत राहतं, सारखी मान मागे वळवावी लागत नाही. दोन्ही टोकांना लिफ्ट आहे, जिने चढायची गरज नाही. रमतगमत अर्धा-पाऊण तास. ब्रिजच्या टोकांना जे चार दगडी बुरूज आहेत ना, ते ब्रिजला पेलत वगैरे नाहीत, नुसते शोभेला आहेत, लोकांना पूल भक्कम वाटावा म्हणून. सगळं वजन बुरुजांच्या पायाशी असलेल्या बिजागऱ्यांवर आहे आणि पोलाद जोडलंय जवळजवळ ६० लाख रिव्हेटांनी. एका बुरुजावर वर जाता येतं, साधारण २०० पायऱ्या, मी एकटाच गेलो. आत १९३२ च्या उद्घाटनाचं वाचायला मिळतं, की मुख्यमंत्री फीत कापणार तेवढ्यात फ्रान्सिस द ग्रूट नावाचा एक गडी लष्करी वेशात घोड्यावरून आला आणि तलवारीने फीत कापून मोकळा झाला. मग म्हणे फीत परत बांधली आणि परत कापली.

आता माझ्या मते सगळ्यात चांगला दिवस, वॉट्सन्स बेचा, म्हणजे बंदराच्या तोंडाशी साऊथ हेडजवळचं उपनगर. इथे जाणारी बोट लहान असते. एखाद्या छोट्या धक्क्याला ती लागते तेव्हा बघा, खलाशी, बऱ्याचदा कॉलेजातली पोरगी, उभ्या उभ्या दोराचा फास खुंटावर फेकते, एक आढी घालते, फळी ओढून टाकते, माणसं उतरतात-चढतात आणि मिनिटभरात बोट परत पाण्यात. आमच्या आईला ऑपेरा हाऊसइतकंच हे आवडलं, पुढच्या प्रत्येक धक्क्याला ती उठून दाराशी. या गडबडीतच वॉट्सन्स बेला ती कार्ड टॅप न करता उतरली. तिथे गेट नाही, नुसता खांब असतो, विसरलात की त्या मार्गाचं जास्तीत जास्त भाडं कापतात. तेवढं लक्षात ठेवा.

तिथून साऊथ हेडपर्यंत पायवाट आहे, टोकाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं हॉर्नबी दीपगृह. १८५७ मध्ये डनबार नावाचं जहाज रात्री, वादळात, बंदराचं तोंड चुकून इथल्या कड्यावर आपटलं, १२१ माणसं गेली आणि एकच वाचला. त्यानंतर वर्षभरात हे दीपगृह बांधलं. जुलैत तुमचं नशीब चांगलं आहे, कारण तेव्हा हंपबॅक देवमासे उत्तरेकडे निघालेले असतात आणि कड्यावरून दिसतात. आम्हाला दोनदा फवारा दिसला आणि एकदा काळी पाठ, पण त्यासाठी आई तासभर दगडावर बसून होती, मी आणि बायको कंटाळलो होतो.

एक सावधगिरीची सूचना. या पायवाटेवर मधे लेडी बे नावाचा छोटा किनारा लागतो, तो कायदेशीर न्यूड बीच आहे आणि वाटेवरून खाली दिसतो. थंडीतही दोन-तीन भक्कम काका होते. मी लगेच आईला पलीकडच्या झाडावरचा काकाकुवा दाखवायला लागलो. ती म्हणाली, "दिसलंय मला, चल."

बाकीचं पटापट. बोटॅनिक गार्डन फुकट आणि मिसेस मॅक्वारीज चेअर, म्हणजे खडकात कोरलेला बाक, त्याच्या टोकाला, ब्रिज आणि ऑपेरा हाऊस एका फ्रेममध्ये हवं असेल तर तिथूनच. बॉन्डाय बीच मला स्वतःला काही विशेष वाटला नाही, पण तिथून ब्राँटेपर्यंतचा कड्याकडेचा रस्ता सुरेख आहे, अडीच किलोमीटर, चढउतार आहेत, ब्राँटेहून बसने परत. डार्लिंग हार्बर मुलं सोबत असतील तर. सिडनी टॉवरवर वगैरे चढू नका. ब्लू माउंटन्स या डोंगरभागात ट्रेनने जायलाच दोन तास लागतात, चारच दिवस असतील तर मी नाही जाणार, पण लोक मला यावर शिव्या देतील. वरणभाताची आठवण झाली तर हॅरिस पार्क या उपनगरात भारतीय हॉटेलांची रांगच आहे, आणि जवळच्या पॅरामाटापर्यंत नदीतून फेरी जाते, जवळजवळ दीड तास, खारफुटीतून. जाताना फेरी, येताना ट्रेन.

विमानतळावरून शहरात ट्रेन पंधरा मिनिटांत येते पण त्या स्टेशनचा वेगळा आकार माणशी सतरा-अठरा डॉलर लागतो आणि तो दिवसाच्या मर्यादेत धरत नाहीत. तिघं-चौघं असाल तर टॅक्सीशी तुलना करून बघा, सामान आणि आईबाबा दोन्ही असताना आम्हाला टॅक्सीच परवडली.

आणि मॅनलीहून परत यायची वेळ. जुलैत सूर्यास्त पाचच्या सुमाराला, म्हणून साडेचारच्या आसपासची फेरी पकडा. येताना डाव्या बाजूला बसायचं. सूर्य बरोबर ब्रिजच्या मागे उतरतो, आधी कमान काळी होते, मग ऑपेरा हाऊस पिवळसर, मग शहराचे दिवे. क्रूझमध्ये ज्याचे पैसे भरले होते ते हेच. आईने कानाला स्कार्फ गुंडाळला होता, आत चल म्हटलं तर आली नाही. आईबाबा दोघांसाठी स्वेटरवर एखादं वारा अडवणारं जॅकेट घ्याच, आणि चिप्स घेतलेत तर पिशवी बंद ठेवा, मॅनलीच्या धक्क्यावर माझ्या हातातून सीगलने एक नेला आणि दुसऱ्यासाठी परत आला.