वाचकांचे प्रश्न : जुन्या प्रतिस्पर्ध्यांना वेळापत्रकात हक्काची जागा

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत रॅली येथील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात शिकते आणि तेथील कॉलेज बास्केटबॉलची तिला फार ओढ लागली आहे. ड्यूक आणि चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ हे दोन संघ दर हंगामात परस्परांशी दोनदा खेळतात. मात्र तिच्या विद्यापीठाचे चॅपल हिलशी दोन सामने होतीलच, याची खात्री नसते. तिन्ही विद्यापीठे एकमेकांच्या इतकी जवळ असताना हा भेद का? – एक वाचक, केरी, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर : कॉन्फरन्सचा, म्हणजे नियमित हंगामात परस्परांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा, आकार वाढत गेला आणि त्यातून हा भेद निर्माण झाला. ही तिन्ही विद्यापीठे १९५३ मध्ये स्थापन झालेल्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची मूळ सदस्य आहेत. २००४ च्या विस्तारापूर्वी या कॉन्फरन्समध्ये नऊ संघ होते आणि प्रत्येक संघ इतर आठही संघांशी एकदा स्वतःच्या व एकदा त्यांच्या मैदानावर, असे १६ सामने खेळत असे. त्या दुहेरी साखळीत कोणत्याही जोडीला वेगळे संरक्षण देण्याची गरजच नव्हती. पुढे मुख्यतः अमेरिकन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी हक्कांतून मिळणाऱ्या पैशासाठी सदस्य वाढत गेले आणि आज ही कॉन्फरन्स बॉस्टनपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या १८ संघांची झाली आहे. एवढ्या संघांची दुहेरी साखळी खेळवायची, तर प्रत्येकाला ३४ सामने खेळावे लागतील. संपूर्ण नियमित हंगाम मात्र सुमारे ३१ सामन्यांचाच असतो.

म्हणून २०२५-२६ च्या हंगामापासून १८ सामन्यांची रचना ठरली. प्रत्येक संघाला एक कायमचा जोडीदार मिळतो व त्याच्याशी दोन सामने होतात; बदलत राहणाऱ्या दुसऱ्या एका जोडीदाराशी आणखी दोन; उरलेल्या १५ पैकी १४ संघांशी प्रत्येकी एक; आणि एका संघाशी त्या वर्षी गाठच पडत नाही. चॅपल हिलचा कायमचा जोडीदार ड्यूक असल्यामुळे आपल्या मुलीच्या विद्यापीठाला ती जागा मिळणे शक्य नाही. फिरत्या जोडीदाराचा क्रम अनुकूल लागला, तरच दुसरा सामना होईल.

माझ्या मते एकच कायमचा जोडीदार ही मर्यादा अपुरी आहे, आणि ती सैल करण्यासाठी एकही सामना वाढवावा लागत नाही. सध्या फिरती ठेवलेली दुसरी जोडी कायम करावी, एवढेच पुरे. ड्यूक–चॅपल हिल, चॅपल हिल–स्टेट (आपल्या मुलीचे विद्यापीठ), स्टेट–वेक फॉरेस्ट आणि वेक फॉरेस्ट–ड्यूक असे कडे जुळवले, तर नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चारही जुन्या सदस्यांना प्रत्येकी दोन हक्काचे प्रतिस्पर्धी मिळतात. बिग टेन कॉन्फरन्समध्येही १८ संघ आहेत. मात्र तेथे २० सामन्यांच्या वेळापत्रकात प्रत्येक संघ तीन प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा खेळतो आणि इंडियाना–पर्ड्यू, मिशिगन–मिशिगन स्टेट यांसारख्या जोड्या त्यात राखून ठेवल्या जातात.

दोन सामन्यांचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. वर्षातून एकच सामना असेल आणि तो आलटून पालटून दोन्हीकडे होत असेल, तर चार वर्षांच्या पदवीकाळात विद्यार्थ्याला जवळच्या प्रतिस्पर्ध्याशी होणारा सामना स्वतःच्या प्रांगणात दोनदाच पाहायला मिळतो. ड्यूकचे कॅमेरन इनडोअर स्टेडियम जेमतेम नऊ हजारांवर आसनांचे आहे. त्याच्या दारात विद्यार्थी तंबू ठोकून दिवसच्या दिवस मुक्काम करतात, ते चॅपल हिलविरुद्धच्या सामन्यासाठीच. अशी गाठ पुढे राष्ट्रीय स्पर्धेत पडेलच, असे म्हणून भागत नाही. ड्यूक आणि चॅपल हिल १९२० पासून परस्परांशी खेळत आहेत. तरीही एनसीएए या राष्ट्रीय स्पर्धेत ते प्रथम समोरासमोर आले ते २०२२ मध्ये, जेव्हा चॅपल हिलने उपांत्य सामना ८१–७७ असा जिंकला आणि ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेव्हस्की यांची कारकीर्द तेथेच संपली. योगायोगावर विसंबले असते, तर एका शतकात एकच सामना झाला असता.

रणजी करंडकातही हे घडलेले आहे. पश्चिम विभागाची साखळी होती तोवर मुंबई आणि महाराष्ट्र यांची गाठ ठरलेली असे. २००२-०३ मध्ये एलिट व प्लेट गट आल्यानंतर ती गटवारीवर अवलंबून राहू लागली.

प्रश्न : एखादे विद्यापीठ कॉन्फरन्सच सोडून गेले, तर जुन्या चुरशीचे काय होते? – एक वाचक, पुणे

उत्तर : कॅन्सस आणि मिसूरी यांचे उदाहरण सर्वांत बोलके, आणि मला सर्वांत दुःखद वाटते. हे दोन्ही संघ १९०७ पासून एकाच कॉन्फरन्समध्ये होते. मिसूरीने २०१२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सची वाट धरली. त्याआधी, २५ फेब्रुवारी २०१२ रोजी, लॉरेन्स येथे कॅन्ससने १९ गुणांची पिछाडी भरून काढत जादा वेळेत ८७–८६ असा विजय मिळवला होता. त्यानंतर नियमित हंगामातील पुढचा सामना थेट डिसेंबर २०२१ मध्ये झाला. मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या हा सामना न पाहताच पदवीधर झाल्या. सोडून गेलेल्या संघाशी खेळून त्याचा लाभ का करून द्यावा, ही कॅन्ससची भावना समजण्यासारखी होती. तिची किंमत मात्र प्रेक्षकांनी मोजली.

कॉन्फरन्स वेगळी असली, तरी परंपरा टिकवता येते, हे केंटकी आणि लुईव्हिल यांनी दाखवले आहे. १९८३ च्या एनसीएए स्पर्धेत त्यांची गाठ पडली आणि तेव्हापासून हा सामना वार्षिक झाला. त्यासाठी कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांना तारखा शिल्लक राहायला हव्यात. अटलांटिक कोस्ट आणि बिग ट्वेल्व्ह या दोन्ही कॉन्फरन्सनी आपले सामने २० वरून १८ वर आणले, याचे म्हणूनच मी मनापासून स्वागत करतो. मोकळ्या झालेल्या तारखांपैकी एक तारीख दीर्घ मुदतीच्या करारातून जुन्या प्रतिस्पर्ध्यासाठी बांधून ठेवावी.

प्रश्न : बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी दरवर्षी दोनदा खेळावे लागणे हा त्या संघावर अन्याय नव्हे का? – एक बास्केटबॉल प्रशिक्षक, नाशिक

उत्तर : काही अंशी आहे. तथापि १८ संघांच्या कॉन्फरन्समध्ये कोणतेही वेळापत्रक समान असू शकत नाही. फिरत्या जोडीदारामुळेही कोणाच्या वाट्याला सोपे सामने येतात, कोणाच्या अवघड. शिवाय राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना प्रतिस्पर्ध्याचे बळ आणि सामन्याचे स्थळ विचारात घेतले जाते, त्यामुळे अवघड वेळापत्रकाची दखल तेथे घेतली जाते. खरी समानता हवी असेल, तर आयव्ही लीगप्रमाणे आठ संघ व १४ सामने, किंवा बिग ईस्टप्रमाणे ११ संघ व २० सामने अशी पूर्ण दुहेरी साखळी ठेवावी लागेल.