कॅम्पर व्हॅनच्या छतावर सोलर पॅनल पुण्यात कोणाकडून बसवून घ्यावेत?

ज्याला गाडीच्या पत्र्याचं काम कळतं, त्याच्याकडून. सोलरवाला नंतर.

तुम्ही लिहिलंय की फोर्स ट्रॅव्हलरची कॅम्पर करताय, छतावर ४०० वॅट टाकायचे आहेत, आणि बिल्डिंगवर सोलर लावणारा एक ओळखीचा माणूस "एका दिवसात उरकून देतो" म्हणतोय. त्याला आजच नाही म्हणा. पिंपरी-चिंचवडला बसच्या बॉडी बांधण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातली बरीचशी छतावर. आणि हा "एका दिवसात उरकून" प्रकार मी घरच्याच गाडीवर बघितलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी माझी आणि माझ्या साडूंची, निम्मी-निम्मी. जुनी ट्रॅव्हलर घेतली, आतलं फर्निचर मी करवून घेतलं, विजेचं साडूंनी बघायचं ठरलं. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर ज्याने सोलर लावलं होतं त्यालाच त्यांनी बोलावलं. त्याचं नाव इथे घेत नाही. मी तेव्हाच म्हटलं, आधी त्याला विचारा की पत्र्याला भोक किती पाडणार आणि ते बंद कशाने करणार. साडू म्हणाले, "ज्याचं काम त्यानं करावं. तुम्ही बसवाले, यात पडू नका. आमच्या गच्चीवर दोन पावसाळे काढलेत त्याच्या कामाने." यावरून आमच्यात जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

गच्ची आणि गाडीचं छत या दोन गोष्टींची बरोबरीच होत नाही. गच्चीचा स्लॅब जागचा हलत नाही. गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला पिळली जाते, एक चाक खड्ड्यात गेलं की चासी मुरडते आणि तिच्याबरोबर छताचा पत्राही. जाडीला तो जेमतेम एखादा मिलिमीटर. त्यात नुसता सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारला तर त्याचा एखादाच आटा पत्र्यात धरतो. रोजच्या हादऱ्यांनी भोक मोठं होत जातं, स्क्रू खुळखुळायला लागतो. शिवाय वारा आहे. १०० च्या वेगाला समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला ४७ किलोच्या आसपास भरतो, आणि ४०० वॅटचं पॅनल दोन चौरस मीटरच्या आतबाहेर असतं. सगळा दाब काही पॅनलला उचलत नाही, पण पुढची कड वर राहिली असेल तर हवा खाली शिरते आणि ओढ थेट त्या एका आट्यावर येते. हायवेवर पॅनल उडून मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर गेलं तर काय, याचा विचार करा.

सोलरवाल्याची दोन पोरं आली, ड्रिल मशीन घेऊन. पोरांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. बिल्डिंगच्या स्ट्रक्चरला वापरतात ते अ‍ॅल्युमिनियमचे एल क्लँप. छत पुसलंसुद्धा नाही. चाकणची धूळ बसलेल्या रंगावर क्लँप ठेवला, स्क्रू मारला आणि वरून पांढरं सिलिकॉन फासून अंगठ्याने दाबलं. ते सिलिकॉन उघडलं की व्हिनेगरचा वास येतो. तो वास आला की समजा गाडीला ते लावायचं नाही. सुकताना त्यातून अ‍ॅसिड सुटतं, भोकाच्या उघड्या कडेवर गंज तिथूनच धरतो. आणि एकदा ते लागलं की त्या जागेवर नंतर रंगही धरत नाही. दोन स्क्रू तर छताच्या पत्र्यावरच्या उभारांच्या (वर आलेल्या पट्ट्यांच्या) मधल्या खोलगट पन्हळीत मारले, जिथे पाणी साचून राहतं. ड्रिलचा कीस छतावर तसाच सोडला. मी झाडू मागितला तर साडू म्हणाले, पावसाने जाईल धुऊन.

मेमध्ये काम झालं. जुलैत ताम्हिणीत गेलो.

ताम्हिणीचा पाऊस पुण्याच्या माणसाला सांगायला नको. सकाळी पाणी गळत होतं ते मागच्या कपाटातल्या लाइटच्या खाचेतून, म्हणजे पॅनलपासून पार लांब. साडूंनी सोलरवाल्याला फोन लावला. त्याचं उत्तर तयार होतं: मागच्या काचेचं रबर गेलंय, आमच्या कामाचा संबंध नाही. साडूंनाही ते पटलं, कारण पाणी तिकडेच पडत होतं. पण गाडीत पाणी शिरतं एकीकडे आणि पडतं भलतीकडे. बॉडी शॉपमध्ये हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

घरी येऊन मी सीलिंगचा प्लाय उतरवला. पॅनलची वायर आत आणायला पाडलेल्या भोकात ग्लँड (वायरीभोवती आवळून बसणारी पाणीबंद टोपी) नव्हती, रबरी ग्रोमेटसुद्धा नव्हतं. नुसती वायर आणि भोवती सिलिकॉन. पाणी वायरच्या अंगाने आत येऊन छताच्या आडव्या पट्टीवर चढलं आणि गाडी उताराला उभी असल्याने पट्टीच्या टोकापर्यंत वाहत गेलं. खालची फोमची शीट पिळली तर धार लागत होती. प्लायची वरची बाजू काळी पडलेली. वर चढलो आणि एका क्लँपच्या स्क्रूला पाना न लावता बोटांनी फिरवलं, तो फिरला. त्याच्याभोवतीचं सिलिकॉन नखाने उचललं तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं अख्खं सुटून हातात आलं. खालची बाजू तांबूस, आणि पत्र्यावर भोकाभोवती गंजाचं कडं. पावसाने धुऊन जाणार होता तो कीस जागोजागी रंगात रुतून गंजला होता, हात फिरवला की खरखर लागत होती. हे सगळं मेपासून जुलैपर्यंतच्या काळातलं.

मी साडूंना वर बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "सिलिकॉन हलक्या दर्जाचं वापरलं त्याने." म्हणजे माल वाईट, पद्धत बरोबर! इथेच आमचं जमत नाही. महागातलं सिलिकॉन असतं तरी हेच झालं असतं, कारण ते वरून फासलं होतं. सीलंट दोन पत्र्यांच्या मध्ये लागतं. आधी दोन्ही पृष्ठभाग साफ, मग सीलंटचा थर, मग वरचा भाग बसवून रिव्हेट किंवा बोल्ट, आणि दाबल्यावर सगळीकडून थोडं बाहेर आलं पाहिजे. बाहेर आलं नाही तर आत पोकळी आहे. बसच्या छताचा प्रत्येक सांधा असाच होतो, आणि मग गाडीवर चहूबाजूंनी पाण्याचे फवारे सोडून आत विजेरी घेऊन माणूस बसतो. गळली तर पुढे जात नाही. तुमच्या माणसाला हेच सांगा: आतलं सीलिंग (छताखालचा प्लाय) लावायच्या आधी छतावर अर्धा तास नळी सोडून दाखव, मग उरलेले पैसे घे.

नंतर मी काय केलं ते सांगतो, तुम्हाला सुरुवातीपासून तसंच करता येईल. क्लँप सगळे काढले. भोकांचा गंज कोऱ्या पत्र्यापर्यंत घासला, एपॉक्सी प्रायमर लावला, सीलंट मध्ये घालून वर पट्ट्या रिव्हेट केल्या. पॅनलसाठी दोन लांब अ‍ॅल्युमिनियमच्या रेल घेतल्या. लांब रेलमुळे भार बऱ्याच लांबीवर पसरतो. रेलखालचा रंग घासून खरखरीत केला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, आणि गाडीच्या बॉडीला चालणारं सिकाफ्लेक्ससारखं पीयू (पॉलियुरेथेन) अ‍ॅडेसिव्ह लावलं. थर तीन मिलिमीटर तरी राहावा म्हणून मध्ये रबराचे तुकडे ठेवले, कारण पातळ थर गाडीच्या पिळाला तुटतो. त्यानंतर दोन-तीन दिवस गाडी हलवायची नाही. शिवाय रेलच्या दोन्ही टोकांना उभारावर, आतून पट्टी देऊन, स्टेनलेसचे बोल्ट. नुसत्या चिकटवण्यावर माझा विश्वास आहे, पण उडालं तर जीव दुसऱ्याचा जातो, म्हणून बोल्टही. पॅनल आणि छत यांच्यात दोन इंच हवा, खालून वारा खेळला पाहिजे. उन्हात पॅनल ६० अंशांच्या वर सहज जातं आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्का वीज कमी होते. म्हणून ते छताला चिकटवायचे लवचीक पॅनल घेऊ नका, कितीही हलके असले तरी. पुढच्या कडेला वारा वर वळवणारी पट्टी द्या.

वायरिंगही त्याच माणसाने केलं होतं, तेही ऐका. कंट्रोलरपासून (पॅनलची वीज बॅटरीत बेताने सोडणारा डबा) बॅटरीपर्यंत घरातली अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर ओढली होती, जाऊन-येऊन दहा मीटर. बॅटरी भरतच नाही अशी साडूंची तक्रार, आणि सोलरवाला म्हणे बॅटरीच खराब आहे. नवीन लिथियम बॅटरी घ्यायला ते निघालेच होते. मी मल्टिमीटर लावला: कंट्रोलरवर १४.४, बॅटरीच्या टर्मिनलवर १२.८. अडीच स्क्वेअरच्या वायरचा दहा मीटरचा रोध ०.०८ ओहम धरा, त्यातून २० अँपिअर गेले की १.६ व्होल्ट वायरीतच जळतात. १६ स्क्वेअरची वायर टाकली, कंट्रोलर बॅटरीजवळ आणला, तीच बॅटरी दुपारपर्यंत भरायला लागली. बॅटरीपाशी फ्यूज नव्हता. प्लायच्या मागून जाणारी वायर कुठे घासली तर गाडी पेटते, इतका साधा हिशेब आहे. आणि पॅनल-बॅटरीच्या डीसी बाजूला घरातल्या एसी विजेचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवला होता. डीसीचा आर्क, म्हणजे स्विच तुटताना उडणारी ठिणगी, त्याने विझेलच असं नाही, डीसीचाच वेगळा मिळतो, तपकीर गल्लीत विजेच्या सामानाच्या दुकानांत विचारा.

कंट्रोलर घेताना पॅनलमागच्या लेबलवरचा ओपन सर्किट व्होल्टेज (पुढे काही न जोडता पॅनल देतो तो) वाचा. कुणी ५५० वॅटचे दोन बिल्डिंगचे पॅनल सिरीजमध्ये जोडून देत असेल तर ते १०० व्होल्टच्या घरात जातात, आणि थंडीत व्होल्टेज वाढतो. १०० व्होल्टपर्यंतचाच एमपीपीटी कंट्रोलर महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या सकाळी उडेल.

आता ४०० वॅट पुरतील का, तेही सांगतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, दोन पंखे, लाइट, मोबाइल-लॅपटॉप एवढंच असेल तर ४०० पुरतात; उन्हाळ्यात आडव्या पॅनलवरून दिवसाला एक ते दीड युनिट मिळेल. जुलै-ऑगस्टच्या ढगात त्याचा थोडासाच भाग, तेव्हा गाडी चालताना इंजिनवरच्या अल्टरनेटरवरून बॅटरी चार्ज होईल अशी सोय ठेवा. थंड हवेचा एसी यावर विसरा. कॅरिअर किंवा एसीच्या युनिटची सावली पॅनलवर पडू देऊ नका, कोपऱ्यावर पडलेली सावलीही पॅनलचा तिसरा हिस्सा बंद पाडू शकते. खर्चाचे आकडे देत नाही, पॅनलचे दर सारखे बदलतात.

कोणाकडे जायचं, तर भोसरी-चाकण पट्ट्यात अँब्युलन्स आणि मिनीबसच्या बॉडी बांधणारी छोटी वर्कशॉप आहेत, तिथे छत आणि रेल करून घ्या. एखादी जुनी अँब्युलन्स दुरुस्तीला आलेली असेल तर तिचे छताचे सांधे बघा, कारागीर कसा आहे ते कळतं. सोलरवाल्याला नंतर बोलवा आणि वायरिंगपुरतेच पैसे ठरवा. कोटेशनवर पत्र्याची भोकं किती, सीलंट कुठलं, वायर किती स्क्वेअरची, हे लिहून घ्या. साडू म्हणतात ज्याचं काम त्यानं करावं. मी तेव्हाही हेच म्हणत होतो, फक्त छताचं काम कोणाचं हे त्यांना मान्य नव्हतं. आजही ते गळतीचा दोष सिलिकॉनच्या ट्यूबला देतात.

दोन गोष्टी राहिल्या. वर सांगितलं ते पत्र्याच्या छतासाठी. तुमच्या गाडीवर फायबरचं छत चढवलेलं असेल तर तिथे बोल्टपेक्षा चिकटवणं आणि आतून रुंद पट्टी यावर भर द्या. आणि बाहेर कुठे स्वस्तात रंगवलेलं छत असेल तर अ‍ॅडेसिव्ह रंगाला धरेल आणि रंगच पत्र्यापासून सुटेल, तेव्हा पत्र्यापर्यंत घासून प्रायमर मारा. दुसरं म्हणजे कागद: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आरटीओत आणि विमा कंपनीकडे पॅनल लावायच्या आधी विचारून घ्या, आणि पॅनलसकट गाडीची नवी उंची मोजून ड्रायव्हरच्या समोर लिहून चिकटवा.