सहलीच्या अर्जातील एक चौकट

श्टुटगार्ट,
रविवार, रात्री

प्रिय चिऊ,

शाळेच्या पाच दिवसांच्या सहलीचा अर्ज भरताना परवा तू मला विचारलेस, "आई, 'शाकाहारी' या चौकटीत खूण केली, पण खाली 'कारण' लिहायला एक ओळ सोडली आहे. तिथे काय लिहू? आपण शाकाहारी का आहोत?" मी पोळ्या लाटत होते आणि "आपल्याकडे चालत नाही म्हणून" एवढे सांगून मोकळी झाले. तू तेवढ्यावर ऐकणारी नाहीस. मालवणची आजी मासे खाते, मग 'आपल्याकडे' म्हणजे नक्की कोणाकडे, असे तू विचारलेस. आणि प्राण्यांची दया येत असेल तर दूध कसे चालते, हा तुझ्या व्हीगन, म्हणजे दूध-तूपही न खाणाऱ्या, मैत्रिणीचा प्रश्नही पुढे ठेवलास. त्या वेळी पोळी करपली आणि उत्तर राहून गेले. ते आता लिहून तुझ्या बॅगेत ठेवते.

सर्वांत आधी एक चूक दुरुस्त करायला हवी, कारण इथले जर्मन लोक ती नेहमी करतात आणि आपणही सोयीचे म्हणून त्यांना करू देतो. "आम्ही भारतीय आहोत, म्हणून शाकाहारी आहोत" हे खरे नाही, आणि "आम्ही मराठी आहोत म्हणून" हे तर मुळीच नाही. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, नागपूरचे सावजी मटण आणि कोकणातली माशांची आमटी ही सगळी मराठी घरांतलीच जेवणे आहेत, आणि मांस किंवा मासे खाणारी घरे महाराष्ट्रात न खाणाऱ्या घरांपेक्षा जास्त आहेत. तेव्हा कारणाच्या ओळीत देशाचे किंवा भाषेचे नाव लिहू नकोस.

आता मालवणच्या आजीचे पाहू. ती मासे खाते हे खरे, पण ती ते कधी खात नाही याची यादी तू कधी केली आहेस का? सोमवारी नाही, एकादशीला नाही, संकष्टीला नाही, संपूर्ण श्रावणात नाही आणि घरी गणपती असेपर्यंत नाही. अशा जेवणाला मालवणात आणि गोव्यात 'शिवराक' म्हणतात. आजीच्या ओळखीची काही घरे अशीही आहेत की, जिथे गणपतीला मोदकांचा नैवेद्य होतो आणि त्याच मखरात बसलेल्या गौरीला दुसऱ्या दिवशी तिखटाचा, म्हणजे सामिष, नैवेद्य दाखवतात, आणि यात कोणालाही काही विसंगत वाटत नाही. माझ्या माहेरी, पंढरपूरच्या बाजूला, मांसाहाराला 'वशाट' म्हणत आणि 'वार पाळणे' हा शब्दप्रयोग तर सर्रास चाले: कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाचा शनिवार. म्हणजे आपल्याकडे प्रश्न बहुधा "तू खातोस की नाही" असा नसतो, "आज चालते का" असा असतो. तुझ्या अर्जावरच्या चौकटीला हे कळणार नाही, कारण तिला माणूस सोमवारी आणि मंगळवारी सारखाच हवा असतो.

मग आपले घर बारा महिने शाकाहारी कसे झाले? ते झाले माझ्या आजोबांमुळे, म्हणजे तुझ्या पणजोबांमुळे. ते तरुण होते तोवर आमच्या घरात मटण होत असे. गावाच्या जत्रेला वाड्यामागे तीन दगडांची चूल मांडून पुरुषमंडळी ते शिजवीत आणि त्याची भांडीही वेगळी असत. पुढे एका वर्षी आजोबा आषाढीच्या वारीला गेले आणि गळ्यात तुळशीची माळ घालून परत आले. माळ घातली की मांस आणि दारू सुटते, एकादशी धरावी लागते आणि वारी चुकवायची नसते. अशा माणसाला माळकरी म्हणतात. आजोबांनी घरातल्या दुसऱ्या कोणालाही "तुम्ही सोडा" असे म्हटले नाही. जत्रेला भाऊबंदांकडे मटण शिजले की ते त्यांच्या ओसरीवर बसून आपली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात आणि गप्पा मारून घरी येत. हळूहळू आजीने करणे सोडले, मग वडिलांनी खाणे सोडले, आणि माझ्यापर्यंत येईतो ते सोडले होते याची आठवणही उरली नाही. मला ते आयते मिळाले. तुझे बाबा मात्र लग्नानंतर स्वतःहून घरी मासे आणेनासे झाले. मालवणला गेले की ते आईच्या हातचे बांगडे खातात, हे तुला ठाऊक आहेच, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.

इथे मला एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती तू पुढे कुठेतरी ऐकशीलच. आपल्या देशात 'शाकाहारी' हा शब्द माणसांना दारातून परत पाठवण्यासाठीही वापरला जातो. मुंबई-पुण्यात घर भाड्याने देताना "फक्त शाकाहारी" असे सांगितले जाते, आणि पुष्कळदा त्याआडून जात आणि धर्म विचारला जात असतो. शाकाहाराला पावित्र्य मानून जो दुसऱ्याला अपवित्र ठरवतो, त्याचा शाकाहार माझ्या आजोबांच्या शाकाहाराशी नात्याने लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून सहलीत शेजारच्या मुलीच्या ताटात सॉसेज आले तर नाक मुरडायचे नाही. "मला वास सहन होत नाही" हे वाक्य आपल्या ओळखीची मोठी माणसेही मोठ्याने बोलतात, आणि मला प्रत्येक वेळी लाज वाटते.

आम्ही २०१२ साली इथे आलो तेव्हा मला वाटले होते की, नाव वाचून पदार्थ ओळखता येईल. इथला बटाट्याचा सॅलड म्हणजे बटाटाच, असे समजून मी तो कितीतरी वेळा खाल्ला. आपल्या या श्वाबेन भागात तो परंपरेने मांसाच्या रश्श्यात भिजवतात, हे शेजारच्या आजींनी मला तीन महिन्यांनी सांगितले. फरसबीत डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे निघाले. एका कँटीनमधल्या बाईंनी ते माझ्यासमोर चमच्याने अगदी प्रेमाने वेचून बाजूला केले आणि ताट पुन्हा माझ्या हातात दिले! गमी बेअरमध्ये जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढतात, हे तू तुझ्या पाचव्या वाढदिवसाला रडून रडून शिकलीस. चीजचे प्रकरण आणखी निराळे: दूध विरजून घट्ट करण्यासाठी जे 'लाब' वापरतात, ते मुळात दुधावरच्या वासराच्या पोटातून मिळते. आता पुष्कळ चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या लाबचे असते, पण इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोला नियमानेच वासराचे लाब लागते. म्हणून आपण पिवळे व्ही-लेबल पाहून चीज घेतो.

मी घातलेली रेषा सरळ नाही, हेही कबूल करते. घरी अंडी आणत नाही, पण श्पेट्झले, म्हणजे इथल्या पिठाच्या शेवया, तू आवडीने खातेस आणि त्यात अंडे असते. वाढदिवसाच्या केकमध्येही असते. पहिल्या वर्षी मी असे केक नाकारीत असे. मग एकदा ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी खास माझ्यासाठी सफरचंदाचा केक करून आणला, आणि त्यांना नाही म्हणताना त्यांचा चेहरा कसा झाला ते पाहिल्यावर मी ठरवले की दुसऱ्याने प्रेमाने केलेल्या केकमधले अंडे चालेल. शास्त्र म्हणशील तर याला काही आधार नाही.

जे मिळत नव्हते त्याची खंत मात्र फार दिवस टिकली नाही. इथला क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ. चाळीस टक्केवाला आणून रात्रभर फडक्यात टांगला की पाडव्याचे श्रीखंड होते. कोलराबी म्हणजे आपला नवलकोल. बाजारातले आजोबा विचारतात, "पाने तोडून टाकू का?", आणि मी ती मागून घेते तेव्हा त्यांना वाटते की आपल्या घरी ससा आहे. तो ससा म्हणजे आपण तिघे. डाळ घालून केलेली ती पालेभाजी तुला आवडते. हिंगाला जर्मनमध्ये 'सैतानाची विष्ठा' अशा अर्थाचा शब्द आहे, तेव्हा फोडणीच्या वेळी खिडकी का उघडावी लागते याचे आश्चर्य नको.

आणि मांस न खाणे ही गोष्ट आपणच इथे आणली, असेही समजू नकोस. तुझ्या मैत्रिणीची कॅथलिक आजी शुक्रवारी मांस करीत नाही, मासे करते. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवसही अनेक घरांत पाळतात. माउलटाशेनची गोष्ट तू ऐकली आहेसच: उपवासाच्या दिवसांत मठातल्या साधूंनी मांसाचे सारण पिठाच्या पारीत लपवले, म्हणजे वरून देवाला दिसू नये, अशी दंतकथा आहे, आणि म्हणूनच श्वाबेनमध्ये त्याला गमतीने 'देवाला फसवणारे' म्हणतात. श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशी गटारी साजरी करणाऱ्या आपल्या लोकांना ते साधू अगदी जवळचे वाटतील. शिवाय १८६७ साली नॉर्डहाउसेन या गावी एदुआर्ड बाल्त्सर यांनी जर्मनीतला पहिला शाकाहारी संघ काढला, आणि १८९३ मध्ये बर्लिनजवळच्या ओरानियनबुर्ग इथे 'एडन' नावाची शाकाहारी लोकांची फळबाग-वसाहतच उभी राहिली. तेव्हा तुला कोणी "तुमच्या देशातली पद्धत" म्हणाले, तर "तुमच्याही" असे म्हणायला हरकत नाही.

राहिला तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. ती म्हणते ते खरे आहे. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही. दूध चालू राहावे म्हणून तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावे लागते, आणि दुधाच्या जातीच्या गोऱ्ह्यांचा डेअरीला उपयोग नसल्याने ते कापायला जातात. चीजमधले लाब येते ते अशाच वासरांकडून. माझ्या लहानपणी आमच्या गोठ्यात वासराला आधी सोडत, ते ढुशा देऊन पान्हा सोडवी, मग धार काढत आणि एक सड त्याच्यासाठी राखत. पण तेव्हाही वासराला दाव्याने ओढून बाजूला बांधत, आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या चिकाचा खरवस आम्ही मिटक्या मारीत खात होतो. तो चीक कोणाचा होता, हे मी कधी विचारले नाही.

एक दिवस मात्र ते विचारले जाई. आश्विन वद्य द्वादशीला, दिवाळीच्या तोंडावर, वसुबारस असते. संध्याकाळी आई सवत्स गाईची, म्हणजे वासरासह गाईची, पूजा करी, आणि त्या दिवशी घरात गाईचे दूध, दही, ताक, तूप काहीही खात नसत. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी एवढेच जेवण असे. त्या दिवशीचे दूध वासराचे, असे माझी आजी सांगायची. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला. आजीला तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण तुझ्या मैत्रिणीला जे खटकते ते तिलाही वर्षातून एकदा खटकत असे. उरलेल्या ३६४ दिवसांचे काय, याचे निर्दोष उत्तर माझ्याजवळ नाही. मला दह्याशिवाय जेवण पुरे वाटत नाही, ही सवय आहे, विचार नव्हे.

तुला पुढे दूध सोडावेसे वाटले तर मी अडवणार नाही. फक्त एक अट राहील: बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, ते गोळीतून घ्यावेच लागते. दूध-दही खाऊनही माझे ते कमी निघाले होते आणि डॉक्टरांनी मला चांगलेच खडसावले होते. बाकी स्वयंपाकाची काळजी नको. झुणका, भरली वांगी, मटकीची उसळ, सोलकढी, तिळगूळ यांत दुधाचा थेंबही नसतो, आणि कोकणात पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबरही खातात.

आता ती कारणाची ओळ. मी पणजोबांचे सगळे लिहायला बसले असते तर अर्जाला पुरवणी जोडावी लागली असती. तू 'घरचा नेम' असे लिही, आणि शिक्षिकांनी विचारले तर माळेची गोष्ट सांग. त्यांना ती धार्मिक वाटली तर वाटू दे. तुला वाटते का, हे तू आल्यावर मला सांग.

बॅगेच्या वरच्या कप्प्यात दोन डबे आहेत. निळ्या डब्यातली थालीपिठे तुझी, तूप लावलेली. लाल डब्यातली तुझ्या मैत्रिणीसाठी आहेत; ती तेलावर भाजली आहेत आणि तवाही आधी धुऊन घेतला होता, हे तिला आवर्जून सांग.

तुझी,
आई