लाळेत वाहून न जाणारं औषध

प्रश्न: ताई, आईला गालाच्या आतून लायकेन प्लॅनस (आतल्या त्वचेचा दाह होणारा जुनाट आजार) आहे, पांढरी जाळी आणि मधे लाल चट्टा, तिखट सोडाच पण साधं वरणसुद्धा झोंबतं तिला. डॉक्टरांनी क्लोबेटासोल या स्टिरॉइडचं मलम दिलंय पण लावलं की पाच मिनिटात लाळेबरोबर पोटात. भाऊ म्हणतो परदेशात नॅनोफायबरचा पॅच निघालाय. तो काय प्रकार आहे, इकडे मिळेल का? आणि नॅनो म्हणजे ते कण रक्तात बिक्तात जाणार नाहीत ना? – एक वाचक, सांगली

उत्तर: आईंचे हाल कळतात हो, जेवायचीच धास्ती वाटायला लागते अशाने. आधी भीतीचं बोलू. हे कण नाहीतच, धागे आहेत. केस साधारण 50 ते 100 मायक्रोमीटर जाड असतो आणि हा धागा त्याच्या शंभरपट तरी बारीक, पण लांबच लांब आणि एकमेकात गुंतलेला, त्यामुळे हातात घेतला तर पातळ कापडाचा तुकडाच वाटतो.

बनवतात कसा तर पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचा, प्लास्टिकसारखा पदार्थ) आणि औषध एका द्रावणात विरघळवून सिरिंजमधे भरायचं, सुईला दहा-वीस हजार व्होल्ट द्यायचे आणि समोर वीतभर अंतरावर धातूचा पत्रा. मी एका लॅबमधे हे बघितलंय. सुईच्या टोकाचा थेंब आधी गोल असतो, मग ओढला जाऊन शंकूसारखा होतो, त्यातून एक धार निघते आणि हवेत चाबकासारखी गरगरत इतकी ताणली जाते की दिसेनाशीच होते, द्रावक उडून जातो आणि थोड्या वेळाने बघावं तर फॉइलवर पांढरा थर. जुलैतला पाऊस होता, हवेतल्या दमटपणामुळे धागे एकमेकांना चिकटत होते म्हणून तो तुकडा त्यांनी फेकून परत पहिल्यापासून सुरू केलं. कल्पना तशी जुनी आहे, अमेरिकेत कूली यांना 1902 मधेच याचं पेटंट मिळालं होतं, पण औषधासाठी वापर गेल्या पंचवीसेक वर्षातला.

आता खरी मेख. जत्रेतले बुढ्ढी के बाल जिभेवर ठेवले की लगेच विरघळतात, तेवढ्याच साखरेचा खडा किती वेळ टिकतो! धागा बारीक म्हणजे ओलाव्याला भिडणारी जागा प्रचंड. पाण्यात सहज न विरघळणारं औषध विरघळवायला हे फार उपयोगी, पण त्याच कारणाने बरंचसं औषध सुरुवातीलाच भसकन बाहेर पडतं आणि नंतर काही उरत नाही. म्हणून कोणी धाग्यात धागा करतात, आत औषध आणि बाहेर हळू झिजणाऱ्या पॉलिमरचं कवच, तर कोणी पाण्यात न विरघळणारा पॉलिमर मिसळतात. जखमेवरच्या पट्ट्या, हिरड्यांचे आजार, ऑपरेशननंतर कॅन्सरच्या जागीच औषध ठेवणं, सगळीकडे यावर काम चालू आहे.

भाऊ म्हणतात तो पॅच बहुतेक इंग्लंडच्या शेफिल्ड विद्यापीठाच्या मदतीने तयार झालेला. यातलं औषध तेच, आईंचं क्लोबेटासोल! एका बाजूला औषधाचे धागे, ओल्या गालाला चिकटतात. दुसऱ्या बाजूला पाणी न शोषणारा थर, म्हणजे औषध लाळेत न जाता चट्ट्यात जातं. पेशंटवरची चाचणी 2022 मधे छापून आली, 20 मायक्रोग्रॅमचा पॅच दिवसातून दोनदा, चार आठवडे, आणि जखमेचा आकार औषध नसलेल्या नुसत्या पॅचपेक्षा जास्त कमी झाला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण औषध नवीन शोधलेलं नाही, फक्त ते जागेवर टिकवलंय.

पण आपल्याकडे केमिस्टकडे तो मिळत नाही, आणि नॅनो नाव लावून कोणी ऑनलाइन काही विकत असेल तर कृपा करून घेऊ नका. तोवर आहे ते मलम नीट लावू. रात्री जेवण, चूळ, ब्रश सगळं आटपल्यावर स्वच्छ गॉजने ती जागा टिपून कोरडी करा, मग पातळ थर लावा, अर्धा तास पाणीसुद्धा नको. डॉक्टरांना विचारून बघा, दातांच्या डॉक्टरांकडून कवळीसारखा पातळ ट्रे बनवून त्यात मलम भरून ठेवता येतं, हिरडीवर चट्टा असेल तर त्याचा फार फायदा होतो. खरवडल्यावर निघणारा दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते, स्टिरॉइडने होते, लगेच दाखवा. आणि बरं वाटलं तरी सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका, या चट्ट्यात क्वचित कॅन्सर होऊ शकतो. सुपारी, तंबाखू असेल तर आजच बंद.