संशोधनातल्या मुलाखतींच्या कोडिंगला (उत्तरांना विषयवार खुणा देण्याला) एनव्हिवो हे विकतचं सॉफ्टवेअर परवडत नाही; नोटपॅड++ किंवा ऑब्सिडियनवर भागेल का?

भागेल, वीस-पंचवीस मुलाखती असतील तर आरामात. नोटपॅड++ हा साधा टेक्स्ट एडिटर फुकट आहे. प्रत्येक मुलाखतीची वेगळी टेक्स्ट फाइल करा, यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं नीट जपणारं एन्कोडिंग). एक उत्तर एकाच ओळीत, मध्ये एंटर नको. ओळीच्या शेवटी कोड: #कर्ज #लग्नखर्च. मग 'फाइंड इन फाइल्स'मध्ये #कर्ज टाकलं की सगळ्या फायलींतल्या तेवढ्याच ओळी नाव-क्रमांकासकट खाली येतात. दोन्ही कोड एकत्र हवेत? रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्यावरून शोधायची सोय) चालू करून #कर्ज.*#लग्नखर्च शोधा, फक्त कोडचा क्रम सगळीकडे तोच ठेवा.

खरी डोकेदुखी मराठीची. 'शेतकऱ्यां'मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसतो सारखाच, पण एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. त्यामुळे कोडची यादी वेगळ्या फाइलमध्ये व्याख्येसह ठेवा आणि कोड तिथूनच कॉपी-पेस्ट करा.

ऑब्सिडियन हे नोंदींचं अ‍ॅप मेमो (विश्लेषणाच्या टिपा) लिहून एकमेकांना जोडायला झकास. पण प्लगइनांच्या (वरून जोडायच्या सोयींच्या) नादी लागलात तर प्रबंध राहील बाजूला! गाइडना दोन जणांनी वेगवेगळं केलेल्या कोडिंगची तुलना हवी असेल तर मात्र क्वालकोडर हे कोडिंगचं सॉफ्टवेअर बघा, तेही मोफतच आहे.