चंदीगढच्या रॉक गार्डनसाठी अर्धा तास पुरेल का?

आपण विचारले आहे की, शिमल्याला जाताना चंदीगढमध्ये मिळणाऱ्या सकाळच्या वेळात रॉक गार्डन पाहावे का, त्यासाठी अर्धा तास पुरेल का आणि गुडघेदुखी असलेल्या आपल्या आईंना ते झेपेल का. मी तिथे दोनदा गेलो आहे, पहिल्यांदा घाईत आणि नंतर माझ्या आईला घेऊन सावकाश. त्या अनुभवावरून सांगतो, जरूर जा. मात्र निदान दोन तास हाताशी ठेवा.

पहिल्या खेपेला मी गर्दीबरोबर पुढे सरकत राहिलो, धबधब्यापाशी फोटो काढले आणि बाहेर पडलो. ती बाग कशाची बनली आहे, हे मी पाहिलेच नव्हते.

टाकाऊ वस्तूंतून ही बाग घडवणारे नेकचंद सैनी हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. त्यांचे मूळ गाव शकरगढ भागातले. फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेले आणि नेकचंदांना भारतात यावे लागले. चंदीगढ वसवण्यासाठी त्या जागेवरची अनेक गावे उठवली गेली, घरे पाडली गेली. त्या राडारोड्यातून फुटकी मडकी, फरशा, मोडक्या वस्तू सायकलवर लादून नेकचंद सुखना तलावाजवळच्या झाडीत नेऊन ठेवत. ती जमीन राखीव होती, तिथे काही बांधायला परवानगी नव्हती. त्यामुळे १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून नोकरी सांभाळून, बहुतेक रात्रीच्या वेळी, त्यांनी वर्षानुवर्षे गुपचूप काम केले. सरकारच्या ध्यानात आले तेव्हा तिथे कित्येक एकरांवर मूर्ती उभ्या होत्या. नियमाप्रमाणे ते सारे पाडता आले असते. पण १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली आणि नेकचंदांना तिथेच पगारी नेमणूक व हाताखाली ५० मजूर मिळाले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१५ मध्ये ते गेले. आज बाग सुमारे ४० एकरांवर पसरली आहे.

आता मूर्तींकडे जवळून कसे पाहावे, ते सांगतो. पुष्कळ मूर्तींच्या आत सायकलचे सांगाडे किंवा भंगारातले लोखंड आहे, त्यावर सिमेंटचा गिलावा आणि तो ओला असतानाच दाबून बसवलेले चिनी मातीचे, काचेचे, फरशीचे तुकडे. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर जे चायना मोझॅक आपण पाहिलेले असते, त्याच्याशी याचे नाते आहे. फक्त इथे ते माणसांच्या, माकडांच्या आणि पक्ष्यांच्या अंगावर चढले आहे. काही भिंती विजेच्या जुन्या सॉकेटांच्या आहेत, काही डांबराच्या पिंपांची छाप घेऊन उभ्या राहिलेल्या.

माझी आई थांबली ती बांगड्यांच्या बायकांपाशी. ओळीने उभ्या असलेल्या त्या मूर्तींचे कपडे हिरव्या, लाल, निळ्या काचेच्या तुकड्यांचे आहेत आणि प्रत्येक तुकड्याला बांगडीची वळणदार कड अजून तशीच आहे. आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आईने एका मूर्तीच्या परकरावरचा हिरवा चुडा बराच वेळ निरखला आणि म्हणाली, “बघ, या खरंच वाढवल्यात.” पुढे झोपाळ्यांपर्यंत ती दुसरे काही बोलली नाही. मला ती बाग त्या क्षणी कळली.

आता आपल्या आईंविषयी. वाट साधारणपणे एकाच दिशेने पुढे जाते, पायऱ्या उंचसखल आहेत आणि अनेक दारे मुद्दाम बुटकी ठेवलेली आहेत, येणाऱ्याने वाकूनच आत यावे म्हणून. कंबर आणि गुडघे दोन्ही दुखत असतील तर हे जड जाते. काठी असू द्या, घट्ट बसणारी पादत्राणे घाला, पाण्याची बाटली घ्या आणि दार उघडताच आत शिरा, कारण उशिरा गर्दी वाढली की अरुंद वाटेत थांबता येत नाही. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, तेव्हा त्यांना न नेलेले बरे. उंच कमानींना टांगलेले मोठे झोपाळे लागले की तिथे त्यांना निवांत बसू द्या.

मुले सोबत असतील तर मूर्तींना हात न लावण्याची ताकीद आधीच द्या. निघालेला तुकडा पूर्वीसारखा बसवणारा हात आता नाही. २०२५ मध्ये रस्ता आणि वाहनतळासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला, तेव्हा चंदीगढकरांनी निषेध केला होता. मलाही त्या बातमीने फार वाईट वाटले. म्हणून या खेपेला जमत असेल तर पुढच्या सहलीवर ढकलू नका. शिमल्याला दुपारी निघालात तरी चालेल.